रात्रीचा फोटो उजळला की फाटतो: दाणे, डाग, पट्टे यांचं निवारण

फोटो अंडर, म्हणजे हवा त्यापेक्षा काळा, गेलेला असतो. एडिटिंगमध्ये एक्स्पोजर वाढवलं की तो फाटतो. मग नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे आणि डाग, कमी करणारा नॉइज रिडक्शनचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला जातो आणि नवरीचा चेहरा मेणाचा होतो. गणपतीची मिरवणूक, वरात, जागरण-गोंधळ, दीपोत्सव, सभागृहातला अंधारा स्टेज, सगळीकडे तक्रार हीच. पण फाटणं हे एक दुखणं नाही, त्यात सहा-सात वेगळी दुखणी असतात आणि त्यांतली निम्मी नॉइजच्या स्लायडरने बरी होत नाहीत. म्हणून कशालाही हात लावण्याआधी खालच्यापैकी नेमकं काय दिसतंय ते ठरवा.

लक्षणं

- सगळ्या फोटोवर बारीक रवाळपणा, सावलीत जास्त आणि उजेडात कमी. हा साधा ल्युमिनन्स, म्हणजे उजेडाचा, नॉइज.
- गालावर, काळ्या कोटावर, गडद शालूवर लाल-हिरवे ढगाळ डाग. हा कलर नॉइज.
- काळा भाग काळा न राहता जांभळट किंवा किरमिजी होतो.
- पट्टे. हे दोन प्रकारचे असतात: फक्त काळोखात दिसणाऱ्या बारीक समांतर रेघा, किंवा उजेडातही दिसणारे रुंद फिकट-गडद पट्टे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही.
- लाल, निळे किंवा पांढरे ठिपके, प्रत्येक फोटोत त्याच जागी. हे हॉट पिक्सेल.
- दाणे गेले, पण कातडी गुळगुळीत आणि केस एकमेकांना चिकटलेले. हा नॉइज नव्हे, उपचाराचा दुष्परिणाम.
- संगणकावर ठीक, पण व्हॉट्सॲपवर गेल्यावर चौकोनी तुकडे आणि आकाशात पायऱ्या.

फोटो हललेला किंवा फोकस मागे गेलेला असेल तर तो या यादीत बसत नाही. १००% वर डोळ्यांच्या पापण्या पाहा. पापण्या दुहेरी दिसत असतील तर इथेच थांबा. नॉइज काढल्यावर हललेपणा उलट जास्त उठून दिसतो.

पहिली तपासणी, फुकटातली: स्क्रीन

पूर्ण फोटो स्क्रीनवर मावेल अशा आकारात नॉइजचा अंदाज येत नाही. लाइटरूम क्लासिक या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या डिटेल पॅनेलमध्ये अशा वेळी छोटा त्रिकोण दिसतो, तो हेच सांगत असतो. १००% वर जा, पण २००% वर जाऊ नका. तिथे कुठल्याही कॅमेऱ्याचा कुठलाही फोटो वाईटच दिसतो.

मग ब्राइटनेस. रात्री अंधाऱ्या खोलीत लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजळ असली तर फोटो आहे त्यापेक्षा उजळ वाटतो, तुम्ही तो अंडरच सोडता आणि लॅबमधून काळा प्रिंट येतो. स्क्रीन मंद असली तर उलटं होतं: गरज नसताना सावल्या उचलल्या जातात आणि लपलेला नॉइज वर येतो. एडिटिंगसाठी साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर पुरतात. मोजायचं यंत्र नसेल तर स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे उजळ दिसतील इतका ब्राइटनेस ठेवा. नाइट लाइट बंद करा. त्यानंतरही डोळ्यांपेक्षा हिस्टोग्रामवर (फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर) भरवसा जास्त.

फोटो कुठे जाणार आहे हेही आत्ताच ठरवा. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो २००० पिक्सेल रुंदीचा केला की नऊ पिक्सेलचा एक होतो आणि नॉइज साधारण एक तृतीयांशावर येतो. ४ × ६ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने १२०० × १८०० पिक्सेलच लागतात. स्टेटसला किंवा छोट्या प्रिंटला जाणाऱ्या फोटोचे दाणे काढत बसणं म्हणजे वेळ घालवणं. १२ × ३६ इंचांच्या करिझ्मा अल्बमचं काम वेगळं. तिथे अर्ध्या पानावरचा फोटोही ५४०० × ३६०० पिक्सेलचा लागतो, म्हणजे जवळजवळ मूळ आकार, आणि दाणे आहेत तसे छापले जातात.

दुसरी: हातात कुठली फाइल आहे

१४-बिट रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जपलेल्या सेन्सरच्या नोंदीत) प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. पण त्या सारख्या वाटलेल्या नसतात. सगळ्यात उजळ स्टॉपला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) ८,१९२, त्याखालच्याला ४,०९६, आणि असं निम्मं निम्मं होत सहाव्या स्टॉपला २५६ उरतात. अंडर गेलेला फोटो या खालच्या, दरिद्री भागात राहतो. जेपीईजीमध्ये मुळात प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या, शिवाय कॅमेऱ्याने आपलं नॉइज रिडक्शन आणि शार्पनिंग आधीच लावून ८ × ८ च्या चौकटींत दाबलेली फाइल.

त्यामुळे साधारण मर्यादा अशी धरा: जेपीईजी एक, फार तर दीड स्टॉप उचलली जाते. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्याची रॉ दोन ते तीन, अलीकडच्या फुल फ्रेमची, म्हणजे मोठ्या सेन्सरची, रॉ तीन ते चार. मोबाइलची रॉ, म्हणजे डीएनजी, एक ते दोन.

मोबाइलबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय की रॉ म्हणजे नेहमी चांगलं. नाइट मोड अनेक फ्रेम एकत्र करून फोटो बनवतो, तर प्रो मोडची डीएनजी बहुतेक फोनमध्ये एकाच फ्रेमची असते. विषय स्थिर असेल तर नाइट मोडची जेपीईजीच कमी दाणेदार निघते. दोन्ही असतील तर आधी जेपीईजी उघडून पाहा.

तिसरी: आधीच लागलेलं काय काय काढा

नॉइज कमी करण्यापूर्वी तो वाढवणाऱ्या गोष्टी शून्यावर आणा. कुणाचा तरी विकत घेतलेला प्रीसेट, डिहेझ, क्लॅरिटी, टेक्स्चर, ऑटो बटणाने उचललेल्या सावल्या. यांत डिहेझ सगळ्यात वाईट. धुरकट मंडपात तो मोहात पाडतो, पण धुराबरोबर दाण्यांचाही कॉन्ट्रास्ट वाढतो.

दाणे फक्त कोपऱ्यांत असतील तर लेन्स प्रोफाइल (लेन्सचे दोष आपोआप दुरुस्त करणारी सेटिंग) पाहा. एफ/१.८ किंवा एफ/१.४ ला बऱ्याच लेन्स कोपरे काळवंडतात. प्रोफाइल ते कोपरे उजळतं, म्हणजे तुमच्या नकळत तिथे जादा एक्स्पोजर लागतं. विग्नेटिंगची दुरुस्ती १०० वरून ३०-४० वर आणा. रात्रीच्या फोटोत काळसर कोपरे खटकत नाहीत.

निकॉनवर ॲक्टिव्ह डी-लायटिंग चालू असेल तर कॅमेरा उजेड जपायला एक्स्पोजर थोडं कमी ठेवतो आणि जेपीईजीत ते भरून काढतो. तीच रॉ दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की अंधारी दिसते. ‘कॅमेऱ्यावर उजळ होता, इथे काळा का’ याचं उत्तर अनेकदा हेच असतं. पुढच्या वेळी ते बंद ठेवा.

चौथी: व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजरच्या आधी

ही पायरी बहुतेक जण मागे ढकलतात आणि गालावरचे डाग तिथूनच येतात. पिवळ्या बल्बचा प्रकाश २७०० ते ३००० केल्व्हिनचा, समईचा त्याहून खाली, १९०० च्या आसपास. या प्रकाशात निळा रंग जवळजवळ नसतो. सेन्सरचा निळा चॅनेल (निळ्या रंगाची नोंद) उपाशी राहतो, आणि तुम्ही फोटो ‘पांढरा’ करायला व्हाइट बॅलन्स सरकवला की सॉफ्टवेअर त्या निळ्याला दुपटीहून जास्त गुणतं. त्यातला नॉइजही तेवढाच गुणला जातो.

म्हणून समई, पणत्या, हॅलोजन असतील तर पिवळेपणा पूर्ण काढू नका. कातडी ओळखीची वाटेल इथपर्यंत या आणि थांबा. दिव्याचा उजेड पिवळाच असतो, तो ट्यूबलाइटसारखा पांढरा केला तर दीपोत्सवाचा फोटो तहसील कार्यालयातला वाटतो.

डीजेच्या निळ्या-जांभळ्या एलईडीत उलट प्रकार. एकत्र हिस्टोग्राम अंडर दाखवतो, पण निळा चॅनेल भरून सांडलेला असतो आणि लाल-हिरवा रिकामा. अशा फोटोत एक्स्पोजर वाढवलं की चेहऱ्याचा निळा ठोकळा होतो. आधी प्रोफाइल न्यूट्रल किंवा फ्लॅट करा, निळ्याचं सॅच्युरेशन ३०-४० ने उतरवा, मग उजळा. तरी जमलं नाही तर कृष्णधवल करा. मिक्सरमध्ये ज्या चॅनेलला प्रकाश मिळालाय तोच वर ठेवायचा: दिव्याच्या फोटोत लाल-नारिंगी, निळ्या एलईडीत निळा. समईच्या फोटोत निळ्याचा स्लायडर वर नेला तर सगळा कचरा पुन्हा वर येईल.

पाचवी: उजळण्याची पद्धत

शॅडोजचा स्लायडर +१०० वर नेणं ही सगळ्यात सामान्य चूक. तो फक्त सगळ्यात अंधाऱ्या, सगळ्यात नॉइजच्या भागाला उचलतो आणि चेहरा तिथेच राहतो. क्रम असा ठेवा: एक्स्पोजरने चेहरा जागेवर आणा, हायलाइट्स -४० ते -८० करून दिवे सांभाळा, शॅडोज +२० च्या पुढे नेऊ नका, ब्लॅक्स -१० ते -२० करा. काळं काळं राहिलं की डोळ्याला दाणे दिसतच नाहीत. मंडपाच्या कनातीची मागची बाजू कुणाला पाहायची नसते.

उरलेला उजेड मास्कने, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडून, द्या: चेहरा, हात, मूर्ती. जिथे बघणारा बघतो तिथेच.

उचलल्यावर काळ्यात जांभळट झाक आली तर ब्लॅक लेव्हलचा अंदाज थोडा चुकलाय असं समजा. लाइटरूमच्या कॅलिब्रेशनमध्ये शॅडोजचा टिंट हिरव्याकडे १० ते २० सरकवा. डार्कटेबल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रॉ ब्लॅक/व्हाइट पॉइंट मॉड्यूलमध्ये ब्लॅक लेव्हल अगदी थोडी बदलून पाहा. हा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे आणि कलर नॉइज समजून तासभर झगडणाऱ्यांची सुटका करतो.

सहावी: हाताने नॉइज रिडक्शन

आधी रंग, मग दाणे. डोळ्याला रंगीत डाग जास्त खुपतात आणि ते काढताना तपशील फारसा जात नाही. लाइटरूम रॉला कलर नॉइज रिडक्शन २५ आपोआप लावतं. ते ४० ते ६० करा. डाग लहान ठिपक्यांऐवजी मोठे ढगाळ असतील तर आकडा न वाढवता त्याखालचा स्मूदनेस ५० वरून ७०-८० करा. ओठांचा रंग किंवा कुंकू आजूबाजूला पसरायला लागलं की जास्त झालं.

ल्युमिनन्स २० ते ३५. त्यापुढे मेण. थोडे दाणे राहू द्या, छापल्यावर ते कातडीचा पोत म्हणून खपतात.

शार्पनिंग इथेच तपासा. आल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर ६० ते ८० पर्यंत न्या. स्क्रीनवर फक्त डोळे, दागिने, कडा पांढऱ्या दिसल्या पाहिजेत. मास्किंग शून्यावर असेल तर सॉफ्टवेअर एका हाताने दाणे पुसतं आणि दुसऱ्या हाताने धारदार करतं.

फुकटात काम हवं असेल तर डार्कटेबलचं डिनॉइज (प्रोफाइल्ड) मॉड्यूल चालू करा. ते कॅमेरा आणि आयएसओ ओळखून त्या जोडीची मोजलेली नॉइजची माहिती लावतं, त्यामुळे बहुतेक वेळा काहीच न हलवता चालतं.

सातवी: एआय डिनॉइज

लाइटरूममध्ये हा एप्रिल २०२३ मध्ये आला. तो रॉ फाइलसाठी बनवलेला आहे, म्हणून जेपीईजीच्या रुग्णांना त्याचा उपयोग नाही. इथे शेवटी सांगितला असला तरी तो सगळ्यात आधी चालवा: मास्क आणि डागदुरुस्तीच्या अगोदर. कारण चेहरा ओळखून बनवलेले मास्क त्याच्यानंतर पुन्हा मोजावे लागतात. मूळ आकडा ५० असतो, चेहऱ्यांना ३० ते ४५ पुरतो.

चालवल्यावर तीन जागा १००% वर पाहाच: नथीचे मोती, शालूची जर, आणि मागच्या फलकावरची बारीक अक्षरं. फार अंधाऱ्या फोटोत एआय अर्धवट दिसणाऱ्या आकारांचा अंदाज बांधतो आणि देवनागरीची वेलांटी-मात्रा भलतीकडेच वळते. मंडळाच्या नावाचा फलक असा बिघडला तर तेवढ्या भागात मूळ फोटो परत आणा. फोटोशॉपमध्ये दोन्ही प्रती एकावर एक ठेवून ते सहज होतं.

चांगलं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर एका फोटोला कित्येक मिनिटं लागतात. सगळ्या लग्नावर चालवू नका, अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंवरच चालवा.

पट्टे आणि ठिपके

रुंद पट्टे हे दिव्यांचं काम. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक ओळीला पूर्ण लुकलुक मिळते आणि पट्टा येत नाही. १/२०० ला येतो, सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरला तर हमखास. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात वीज ६० हर्ट्झची असते, तिथे १/६० किंवा १/१२५. एलईडी वॉल बऱ्याच जास्त वेगाने लुकलुकते, तिथे हा हिशेब लागू नाही. मेकॅनिकल शटर वापरा आणि वेग बदलून पाहा. एडिटिंगमध्ये पट्टे पार्श्वभूमीवर असतील तर प्रत्येकावर लिनिअर मास्क लावून पुसट करता येतात. चेहऱ्यावर असतील तर दुसरा फोटो निवडा.

फक्त काळोखातल्या बारीक रेघा कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या. कॅननच्या ५डी मार्क २ च्या पिढीत त्या तीन स्टॉप उचलल्यावर ठसठशीत दिसतात. उपाय एकच, कमी उचला.

ठिपके लांब एक्स्पोजरचे आणि तापलेल्या सेन्सरचे. रॉ उघडताना लाइटरूम बरेचसे स्वतःच काढतं, डार्कटेबलमध्ये हॉट पिक्सेल्स मॉड्यूल आहे. अनेक कॅमेऱ्यांच्या मेनूत पिक्सेल मॅपिंग असतं, ते एकदा चालवा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद अडकतो, हे मिरवणुकीत परवडत नाही.

सगळ्यात मेहनतीचा उपाय: फ्रेम एकत्र करणं

नॉइजचं मूळ प्रकाशाच्या कणांच्या संख्येत आहे. पिक्सेलवर १०० कण पडले तर त्यात १० ची, म्हणजे १०% ची वरखाली असते. १०,००० पडले तर १०० ची, म्हणजे १% ची. त्यामुळे ‘आयएसओ कमी ठेवला की नॉइज कमी’ हा सल्ला या दुखण्याचं मूळ कारण ठरतो. शटर आणि ॲपर्चर तेच ठेवून आयएसओ ३२०० चा ४०० केला तर सेन्सरवर एक कणही जास्त पडत नाही, फोटो फक्त तीन स्टॉप अंडर जातो. नव्या सेन्सरवर ते उचलून जेमतेम बरोबरी होते, जुन्यावर रेघा येतात. फोटो काढतानाच आयएसओ वाढवा. चेहरा बरोबर एक्स्पोज झालेला ३२०० चा फोटो अंडर गेलेल्या ४०० पेक्षा कधीच वाईट नसतो.

विषय स्थिर असेल, म्हणजे दीपमाळ, रोषणाई केलेलं देऊळ किंवा मूर्ती असेल, तर एकाच जागेवरून चार रॉ काढा. चारांची सरासरी नॉइज निम्मा करते, नऊ एक तृतीयांश, सोळा पाव. फोटोशॉपमध्ये स्क्रिप्ट्समधून फाइल्स एका स्टॅकमध्ये आणा, आपोआप जुळवा, स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि स्टॅक मोड मीन (सरासरी) निवडा. समोरून माणसं जात असतील तर मीडियन (मधली किंमत) निवडा. निम्म्याहून कमी फ्रेममध्ये असलेलं माणूस त्यात गायब होतं. ज्योती मात्र मीनमध्येच बऱ्या दिसतात.

पाठवताना बिघडतं ते

आकाशात पायऱ्या दिसत असतील तर काम १६-बिटमध्ये करा आणि शेवटी ग्रेन (मुद्दाम घातलेले बारीक दाणे) ८ ते १२ घाला. पुसून गुळगुळीत केलेला गडद निळा पट्टा ८-बिट जेपीईजीत तुटतोच, थोडा ग्रेन तो सांधतो. व्हॉट्सॲपला मोठी फाइल देऊ नका. उरलेले दाणे दाबायला जागा खातात आणि मग चौकटी दिसतात. लांब बाजू २०४८ पिक्सेल करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कधी थांबायचं, कुणाकडे जायचं

लेन्सला झाकण लावून आयएसओ १०० आणि १/१२५ ला एक फोटो काढा. त्यातही उभी रेघ दिसत असेल तर तो सेन्सरचा बिघाड. एडिटिंग सोडा आणि कॅमेरा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये द्या. सेन्सर स्वतः उघडू नका.

फोटोचा अर्धा भाग राखाडी किंवा रंगीत चौकोनांचा असेल तर ते कार्ड किंवा फाइल खराब झाल्याचं लक्षण. त्या कार्डवर एकही नवा फोटो काढू नका, फॉरमॅट करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

जेपीईजी दोन स्टॉपहून जास्त अंडर असेल आणि फोटो पुन्हा मिळणार नसेल, उदाहरणार्थ गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो भिंतीवर मोठा लावायचा असेल, तर चेहरा ‘सुधारणारी’ ॲप वापरू नका. ती नाक-डोळे नव्याने रचतात आणि घरच्यांना पहिल्या नजरेत तो माणूस परका वाटतो. हे काम हाताने करणाऱ्या रीटचरचं. त्याला तुम्ही उजळलेली प्रत न देता कॅमेऱ्यातली किंवा फोनमधली मूळ फाइल द्या, प्रिंटचा आकार इंचांत सांगा, आणि त्याच माणसाचे दिवसाउजेडी काढलेले दोन-तीन फोटो सोबत द्या.